नागपुरात शिक्षक होऊ पाहणाऱ्यांसाठी : पहिल्या चौकशीपासून पहिल्या वर्गापर्यंत

दरवर्षी मे-जून महिन्यात, बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की, ओळखीतले कोणी ना कोणी आपल्या मुलाला किंवा मुलीला घेऊन घरी येते आणि विचारते, "सर, टीचर बनायले काय करा लागते?" या प्रश्नाचे कागदोपत्री उत्तर अर्ध्या तासात देऊन होते. कोणता अभ्यासक्रम, कोणती परीक्षा, कोणते पोर्टल एवढेच त्यात असते. परंतु नोकरी लागल्यानंतर ज्या खोलीत तीस-पस्तीस वर्षे काढायची, त्या खोलीत मुलांशी कसे वागायचे याची तयारी मात्र त्या अर्ध्या तासात होत नाही आणि पुष्कळदा अभ्यासक्रमातही होत नाही. मुलांविषयी माया असणे आणि ती माया मुलाला वर्गात प्रत्यक्ष जाणवणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर सवयीने, सरावाने, पद्धतीनेच कापावे लागते, असे माझे मत आहे. म्हणून या लेखात दोन्ही गोष्टी, ज्या क्रमाने त्या नवख्या माणसाच्या वाट्याला येतात त्याच क्रमाने, सांगितल्या आहेत.

पहिली पायरी : अर्ज भरण्यापूर्वी चार दिवस वर्गात बसावे

प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी घराजवळच्या एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून, चार दिवस मागच्या बाकावर बसून वर्ग पाहण्याची परवानगी मागावी. महानगरपालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा खासगी अनुदानित, कोणतीही शाळा चालेल. लेखी विनंती आणि आधार कार्डाची प्रत सोबत असली तर बहुतेक मुख्याध्यापक नाही म्हणत नाहीत. विदर्भात उन्हाळ्यामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात, हे लक्षात घेऊन दिवस ठरवावेत. शक्य असल्यास दोन दिवस जुलैमध्ये आणि दोन दिवस मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत काढावेत, कारण नागपूरच्या एप्रिलमध्ये साडेदहा वाजता पत्र्याच्या छताखाली बसलेला वर्ग आणि पावसाळ्यातला वर्ग हे दोन निराळे वर्ग असतात.

बसल्यावर शिक्षकाकडे पाहू नये, एका मुलाकडे पाहावे. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे तर मुळीच नाही. तिसऱ्या-चौथ्या रांगेतले, फारसे न बोलणारे एक मूल निवडून पूर्ण तासिका त्याच्यावरच लक्ष ठेवावे. शिक्षकाने त्याच्याकडे किती वेळा पाहिले, त्याला एखादा प्रश्न विचारला का, विचारला असल्यास उत्तरासाठी किती वेळ थांबले, त्याने वहीत काय लिहिले आणि काय नुसतेच फळ्यावरून उतरवले, हे टिपावे. चार दिवसांनी ही टिपणे वाचताना जर कंटाळा आला असेल, तर तो प्रामाणिकपणे मान्य करून दुसरा व्यवसाय शोधण्यात कमीपणा नाही. आणि "त्या मुलाला वजाबाकी जमली की नाही?" हा प्रश्न घरी जेवतानाही डोक्यात राहिला असेल, तर पुढच्या पायरीकडे वळावे.

दुसरी पायरी : कोणत्या इयत्तेसाठी कोणता अभ्यासक्रम

इथे पुष्कळांची गफलत होते, म्हणून स्पष्ट सांगतो. पहिली ते पाचवीला शिकवायचे असेल तर बारावीनंतरचा दोन वर्षांचा डी.एल.एड. अभ्यासक्रम करावा लागतो, ज्याला घरोघरी अजूनही डी.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि सोबत डी.एल.एड. किंवा बी.एड. लागते. नववी-दहावीसाठी त्या विषयातील पदवी आणि बी.एड., तर अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. असा क्रम आहे.

बी.एड. झाले की खालचे सर्वच वर्ग शिकवता येतात, असा समज अनेक वर्षे होता, आणि २०१८ च्या एका अधिसूचनेने त्याला आधारही मिळाला होता. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी दिलेल्या निकालानंतर बी.एड.धारक पहिली ते पाचवीच्या नेमणुकीस पात्र ठरत नाहीत. लहान मुलांना शिकवण्याचे शास्त्र वेगळे आहे, हे या निकालामागचे सूत्र मला पटते. सहा वर्षांच्या मुलाला 'क' आणि 'फ' यांतला फरक दिसावा यासाठी जे करावे लागते, ते पदवीच्या ज्ञानातून आपोआप येत नाही. त्यामुळे ज्यांना खरोखर लहान मुलांमध्ये रमायचे आहे, त्यांनी बी.एड. 'मोठे' आणि डी.एल.एड. 'लहान' असा हिशेब मनातून काढून टाकावा.

बी.एड. अभ्यासक्रम पूर्वी एक वर्षाचा होता. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या सीईटीमधून होतो, आणि त्या परीक्षेत मानसिक क्षमता, सामान्य ज्ञान आणि अध्यापन अभियोग्यता यांवर प्रश्न असतात. नागपुरातील आणि आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक अध्यापक महाविद्यालये राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. महाविद्यालय निवडताना इमारत पाहण्यापेक्षा तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारावा : आंतरवासितेला, म्हणजे शाळेतल्या प्रत्यक्ष सरावाला, तुम्ही खरेच शाळेत जाता की नुसती वही भरता? उत्तर देताना विद्यार्थी एकमेकांकडे पाहून हसले, तर काय समजायचे ते समजावे. बारावीनंतर थेट चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हा पर्यायही राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर पुढे आला आहे. ज्याचा निर्णय सतराव्या-अठराव्या वर्षीच पक्का आहे, त्याने त्याची चौकशी जरूर करावी.

तिसरी पायरी : आंतरवासिता मनापासून करावी

सेतुपाठ, सूक्ष्म अध्यापन, सराव पाठ, निरीक्षण हे शब्द छात्राध्यापकाच्या कानावर पहिल्या महिन्यातच पडतात. सूक्ष्म अध्यापनात पाच-सहा मिनिटांचा पाठ घेऊन एकच कौशल्य घोटवले जाते. प्रश्न विचारणे, फलकलेखन, प्रबलन (म्हणजे शाबासकी देऊन हुरूप वाढवणे), उदाहरण देणे असे एकेक कौशल्य असते. समोर आपलेच वर्गमित्र विद्यार्थी बनून बसलेले असल्यामुळे हा प्रकार थोडा नाटकी वाटतो. तरीही तो गांभीर्याने करावा. फळ्यावर सरळ ओळीत लिहिणे, लिहिताना वर्गाकडे पाठ फार वेळ न ठेवणे आणि प्रश्न विचारल्यावर गप्प राहणे, या गोष्टी तिथेच हाडीमाशी मुरतात.

त्यांतली शेवटची सर्वांत अवघड आहे. प्रश्न विचारल्यानंतर आपण सहसा एक-दोन सेकंदही थांबत नाही. लगेच दुसऱ्या मुलाला उठवतो किंवा उत्तर स्वतःच सांगून मोकळे होतो. मनातल्या मनात पाच अंक मोजून मगच तोंड उघडायचे, असा नियम करून पाहावा. पहिल्या दिवशी ती शांतता असह्य होते, परंतु आठवडाभरात जी मुले कधीच हात वर करत नव्हती, त्यांपैकी एखाददुसरे हात हळूच वर येताना दिसतात.

पाठ टाचण, म्हणजे पाठाचा लेखी आराखडा, याविषयी एक सूचना. टाचण छान अक्षरात, रंगीत शाईने, पाच स्तंभ आखून लिहिण्यात रात्री जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच टाचणातला 'विद्यार्थ्यांचा अपेक्षित प्रतिसाद' वर्गात कोणीच देत नाही. माझ्या एका सराव पाठाला मी दिंडीसारखा सजवलेला तक्ता नेला होता, आणि तो भिंतीला चिकटेना म्हणून तासिकेतील अकरा मिनिटे गेली. मुलांनी त्या अकरा मिनिटांत एकमेकांच्या पाठीवर खडूने काय काय लिहिले ते नंतर कळले. तेव्हापासून टाचणाच्या शेवटी एक ओळ लिहायची सवय लागली : 'हे साहित्य चालले नाही तर काय करीन?' ही ओळ परीक्षक विचारत नाहीत, पण तासिका तीच वाचवते.

चौथी पायरी : टीईटी आणि अभियोग्यता चाचणी

पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण असणे बंधनकारक आहे. राज्याची टीईटी महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद, पुणे यांच्याकडून २०१३ पासून घेतली जाते. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी आणि पेपर दोन सहावी ते आठवीसाठी असतो. प्रत्येक पेपर १५० गुणांचा, अडीच तासांचा असून खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण, तर आरक्षित प्रवर्गांना ५५ टक्के गुण लागतात. पेपर एकमध्ये बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास यांना प्रत्येकी ३० गुण असतात; पेपर दोनमध्ये गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रे यांपैकी एका गटाला ६० गुण असतात. केंद्रीय स्तरावरील सीटीईटीही दिली जाते, आणि केंद्रीय मंडळाच्या शाळांकडे वळणाऱ्यांना ती उपयोगी पडते. प्रमाणपत्र आता आजन्म वैध असल्यामुळे शेवटच्या वर्षाला असतानाच पहिला प्रयत्न करून ठेवावा. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर, सेवेची पाच वर्षांहून अधिक मुदत शिल्लक असलेल्या कार्यरत शिक्षकांनाही ही परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगण्यात आले, त्यामुळे अभ्यासिकेत तुमच्या शेजारी पंचेचाळीस वर्षांचे गुरुजी बसलेले दिसले तर नवल वाटू देऊ नका. बालमानसशास्त्राची उदाहरणे त्यांना विचारा.

टीईटी ही पात्रता झाली. निवड होते ती शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या गुणांवर. ही चाचणी २०० गुणांची, दोन तासांची आणि संगणकावर होते. १२० गुण अभियोग्यतेला आणि ८० गुण बुद्धिमत्तेला असतात. ती पहिल्यांदा २०१७ मध्ये, नंतर २०२३ मध्ये आणि त्यानंतर २०२५ मध्ये झाली. या तारखांवरूनच नवख्या उमेदवाराने आपले आर्थिक नियोजन करावे, कारण एक संधी हुकली तर पुढची वर्षभरात येईलच असे धरून चालता येत नाही. दरम्यानच्या काळासाठी मिळकतीची सोय हवी. शिकवणी, खासगी शाळा किंवा घरचा व्यवसाय, जे जमेल ते करावे, पण तोवर लहान मुलांशी असलेला संबंध तुटू देऊ नये.

पाचवी पायरी : पवित्र पोर्टल, आणि पोर्टलबाहेरचे जग

जिल्हा परिषदा, महानगरपालिका आणि अनुदानित खासगी संस्थांमधील शिक्षकपदे शासनाच्या 'पवित्र' या शिक्षक भरतीच्या ऑनलाइन पोर्टलमार्फत भरली जातात. स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये मुलाखतीशिवाय निवड होते; खासगी संस्थांमध्ये मुलाखत असू शकते. प्राधान्यक्रम भरताना आपले शहर सोडून इतर जिल्हे टाकण्यास अनेक जण कचरतात. नागपूर जिल्ह्यातच चौदा तालुके आहेत, आणि नरखेडची शाळा आणि भिवापूरची शाळा यांत जिल्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर आहे. तेव्हा 'नागपूर मिळाले' म्हणजे धंतोलीतून चालत जाता येईल असे नव्हे.

नियुक्ती प्रथम तीन वर्षांसाठी शिक्षण सेवक म्हणून होते. २०२३ पासून मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० रुपये आहे; त्यापूर्वी ते अनुक्रमे ६,०००, ८,००० आणि ९,००० रुपये होते. घरभाडे, पेट्रोल आणि गावी पाठवायचे पैसे यांचा हिशेब या रकमेत बसवून पाहावा आणि घरच्यांनाही तो आधीच दाखवावा.

खासगी संस्थेतील जागेसाठी कोणी 'देणगी' मागितली तर तिथून उठून यावे. पैसे देऊन मिळालेली नोकरी कागदावर टिकेलच याची हमी मागणारा देऊ शकत नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ आयडीचे, म्हणजे शिक्षकांच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतील खोट्या ओळख क्रमांकांचे, प्रकरण उघडकीस आले, तेव्हा हे सर्वांनी पाहिले. जाहिरात, निवड यादी, नियुक्ती आदेश, रुजू अहवाल आणि शिक्षण विभागाचा वैयक्तिक मान्यतेचा आदेश, या प्रत्येक कागदाची प्रत स्वतःच्या फाइलमध्ये असलीच पाहिजे.

इथवरचा प्रवास हा दारापर्यंतचा. आता आतल्या खोलीकडे वळू.

सहावी पायरी : पहिला आठवडा नावांसाठी द्यावा

पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडण्याची घाई करू नये. हजेरीपट आदल्या दिवशी घरी आणून नावे मोठ्याने वाचून पाहावीत. ज्या नावांचा उच्चार जड जातो, ती मुलालाच विचारून नीट करून घ्यावीत. आणि मुलांना आडनावाने हाक मारू नये. आपल्याकडे आडनावाला जातीची सावली असते, हे पहिलीतल्या मुलाला कळत नसले तरी पाचवीतल्या मुलाला पक्के कळते.

हे मी शिकलो ते चुकून. नोकरीच्या पहिल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी कार्यालयातून यादी आली, आणि मी ती वर्गात उभा राहून, प्रवर्गासह, मोठ्याने वाचली. सहावीचा वर्ग होता. खिडकीजवळ बसणारी, कविता सर्वांत छान म्हणणारी एक मुलगी नाव येताच खाली वाकली आणि दप्तरात काहीतरी शोधू लागली. यादी संपली तरी ती शोधतच होती. दुसऱ्या दिवसापासून तिने कवितेसाठी हात वर करणे बंद केले, आणि तो हात पुन्हा वर यायला दिवाळीची सुटी उलटून जावी लागली. नियमाने मी काहीच चुकीचे केले नव्हते. तेव्हापासून अशा याद्यांतील मुलांना मधल्या सुट्टीत एकेकट्याला, दुसऱ्या कोणत्या तरी निमित्ताने बोलावून कागद हातात देतो. मोफत गणवेश असो, फी माफी असो, घरची अडचण असो, जे चारचौघांत सांगितल्याने मूल लहान होईल, ते चारचौघांत सांगायचे नाही.

सातवी पायरी : मुलाची भाषा मुलाच्या तोंडून काढून घेऊ नये

नागपुरात शिकवणाऱ्याला ही गोष्ट रोज भेटते. "सर, हा मले मारून राहिला", "मॅडम, मी पाणी प्यायले जाऊ का?", "काऊन नाही देत?" अशी वाक्ये घेऊन मूल शाळेत येते. शहराच्या कित्येक वस्त्यांत घरात हिंदी आणि शाळेत मराठी असते. रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यात गोंडी बोलणाऱ्या घरांतून मुले येतात. पूर्वेकडे झाडीबोलीचा वळसा ऐकू येतो. महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू अशा वेगवेगळ्या माध्यमांच्या आहेत, त्यामुळे एकाच गल्लीतली भावंडेही कधी दोन माध्यमांत असतात.

"मले नाही, मला म्हण" असे दर वाक्याला तोडले की मूल प्रमाण मराठी शिकत नाही. ते गप्प बसायला शिकते. करायचे एवढेच की मुलाने सांगितलेले आधी पूर्ण ऐकायचे, त्याच्या तक्रारीचे निवारण करायचे आणि उत्तर देताना तेच वाक्य सहज प्रमाण भाषेत उच्चारायचे : "अच्छा, तो तुला मारतो आहे का? चल, बघू." रोज पन्नास वेळा असे ऐकलेले मूल दोन वर्षांत दोन्ही भाषा वापरू लागते, शाळेत एक आणि आजीशी एक.

लेखनासाठी विषयही जवळचे द्यावेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात; हे मिरवणुकीतले पुतळे रोगराई आणि वाईट गोष्टी सोबत घेऊन जातात, अशी समजूत आहे. मुले तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन घरोघर जातात. त्या आठवड्यात 'माझा आवडता सण' या शीर्षकाऐवजी 'मारबतीबरोबर आपल्या मोहल्ल्यातून काय काय घेऊन जावे असे तुम्हाला वाटते?' असे विचारून पाहावे. एरवी चार ओळींत निबंध उरकणारी मुले पानभर लिहितात. चौथीतल्या एका मुलाने लिहिले होते, 'घरासमोरची नाली घेऊन जा गे मारबत, आणि बाबाची दारू'. शुद्धलेखनाच्या सहा चुका होत्या. लाल पेन बाजूला ठेवून आधी त्या मुलाशी बोलावे लागते, हे सांगायला कोणत्या प्रशिक्षणाची गरज नसावी, पण असते.

आठवी पायरी : चुकलेले उत्तर वाचायला शिकावे

काळजी घेणारा शिक्षक कोणता, हे मला विचाराल तर मी म्हणेन, चुकीच्या उत्तरापाशी थांबणारा. उदाहरण पाहू. ५२ वजा ३८ या गणिताचे उत्तर मुलाने २६ लिहिले. घाईतला शिक्षक फुली मारून पुढे जातो. थांबणारा शिक्षक मुलाला फक्त म्हणतो, "कसे केले ते मला सांग बरे." मग मूल सांगते : आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. म्हणजे त्याला वजाबाकी येते. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा हा नियमही त्याने नीट पाळला आहे, फक्त वरच्या संख्येतून खालची जाते आणि दोनातून आठ जात नाहीत तेव्हा दशक सुटे करावे लागते, हे त्याच्या हाती आलेले नाही.

अशा मुलाला तेच गणित दहा वेळा लिहायला लावले तर तीच चूक दहा वेळा पक्की होते. त्याऐवजी काड्या द्याव्यात. झाडूच्या हिराच्या काड्या चालतात, आइस्क्रीमच्या चालतात. दहा-दहाचे पाच गठ्ठे रबराने बांधावेत आणि दोन सुट्या ठेवाव्यात. "यातून अडतीस दे." मूल तीन गठ्ठे देते, मग आठ सुट्या द्यायला बघते, दोनच असतात, थांबते, तुमच्याकडे पाहते. इथे काही बोलू नये. बहुतेक मुले स्वतःच एका गठ्ठ्याचे रबर काढतात. ते रबर निघण्याचा आवाज आला की 'हातचा' म्हणजे काय ते त्याला कळलेले असते; त्यानंतर फळ्यावरची मांडणी दोन मिनिटांचे काम आहे.

हाताने काम करता करता शिकणे ही कल्पना आपल्या भागाला परकी नाही. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी झालेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमचा विचार मांडला तो याच दिशेचा होता. सूतकताई आज वर्गात नसेल, पण काड्यांचा गठ्ठा आहे.

नववी पायरी : शिक्षा आणि सुरक्षितता, कायद्यासह

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, आणि त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. अंगठे धरून उभे करणे, टोपणनावाने चिडवणे, "तुझ्या डोक्यात भुसा भरला आहे" म्हणणे, हे सारे त्यात येते. पालक येऊन "दोन लगावा सर, आमची ना नाही" असे म्हणतात, तेव्हा हसून विषय बदलावा. पालकाच्या परवानगीने कायदा बदलत नाही. गोंधळ करणाऱ्या मुलाच्या जवळ जाऊन उभे राहणे, आवाज वाढवण्याऐवजी उतरवणे आणि त्याला वह्या वाटण्याचे काम देणे, हे तीन उपाय माझ्या अनुभवात छडीपेक्षा अधिक चालले आहेत. तिन्ही न चालण्याचेही दिवस येतात. त्या दिवशी सहकाऱ्याला दोन मिनिटे वर्गावर बोलावून पाणी पिऊन यावे.

मुलाने अत्याचाराबद्दल काही सांगितले, किंवा तसा संशय आला, तर लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. मुलाला "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. त्याने जे शब्द वापरले ते जसेच्या तसे लिहून ठेवावेत, तारीख-वेळ टाकावी, मुख्याध्यापकांना सांगावे, आणि शाळेची बदनामी होईल म्हणून कोणी थांबायला सांगितले तरी थांबू नये. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीवर लावावा.

दहावी पायरी : पालकांशी बोलणे

पालकसभेला न येणारे पालक बेफिकीर असतात, हा समज पहिल्याच वर्षी सोडावा. ज्याची रोजी बुडते तो दुपारी दोनला येणार नाही. वीटभट्टीवर किंवा बांधकामावर कामाला जाणाऱ्या घरांसाठी संध्याकाळी सात वाजता दहा मिनिटांची भेट उपयोगी पडते. कुटुंब हंगामी स्थलांतर करणार असेल तर मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळेल हे पाहावे, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेत त्याची अडवणूक होत नाही. आणि घरी गेल्यावर पहिले वाक्य तक्रारीचे नसावे. "तुमच्या मुलाने काल मला मोटारपंप कसा सुरू होतो ते समजावून सांगितले" असे एखादे खरे वाक्य सोबत न्यावे. ते नसेल तर अजून जाण्याची वेळ झालेली नाही.

शेवटची पायरी : रोज तीन ओळी

शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचा आठवडा पंचेचाळीस तासांचा धरला आहे, आणि त्यात पूर्वतयारीचा वेळ समाविष्ट आहे. तो वेळ माहित्या भरण्यात, ऑनलाइन नोंदींत आणि पोषण आहाराच्या हिशेबांत कसा विरघळून जातो ते पहिल्या महिन्यातच कळेल. म्हणून त्यातील पाच मिनिटे बाजूला काढून एका शंभरपानी वहीत रोज तीन मुलांबद्दल एकेक ओळ लिहावी. 'आज स्वतःहून फळा पुसला', 'डबा आणला नाही, दुसऱ्यांदा', '२६ लिहिले, मग काड्यांनी १४ केले'. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर चौदा कामाच्या दिवसांत प्रत्येकाबद्दल एक ओळ होते. त्या चौदा दिवसांत चार-पाच नावे अशी निघतील की पेन हातात असून त्यांच्याबद्दल काहीच सुचणार नाही. ती नावे हजेरीपटात पेन्सिलीने खुणावून ठेवावीत, आणि दुसऱ्या दिवशी परिपाठ संपल्यावर सर्वांत आधी त्यांपैकी एकाच्या बाकाजवळ जाऊन उभे राहावे.